बॅटरीची बारीक तार

लखनौच्या गोमतीपलीकडील अलीगंज वस्तीत काय किंवा आपल्या तालुक्याच्या गावी काय, इन्व्हर्टरजवळची ट्युब्युलर बॅटरी ही घरातील जुनी ओळखीची वस्तू. लाल आणि काळी अशा दोन जाड केबल आवळल्या की वायरमनचे काम संपते. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली आणि छतावरील सौरसंचांना गती आली. परंतु ग्रिडला जोडलेला साधा संच वीज जाताच सुरक्षिततेसाठी स्वतःही थांबतो. म्हणून अनेकांची पावले लिथियम बॅटरीकडे वळतात, आणि तेथे तिसरी, बारीक तार येते. ती बहुधा घाईत, सर्वांत शेवटी जोडली जाते.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या ५१.२ व्होल्ट बॅटरीत १६ सेल असतात. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी नियंत्रण यंत्रणा (बीएमएस) किती करंट घ्यावा व कोठे थांबावे, हे या तारेतून इन्व्हर्टरला कळवते. तार नसेल तर इन्व्हर्टर व्होल्टेजवरून अंदाज बांधतो. पण या सेलचे व्होल्टेज बॅटरी बरीच रिकामी होईपर्यंत जवळपास स्थिर राहते, त्यामुळे अंदाज फसतो. शेवटी बीएमएस बॅटरीच तोडून टाकते. मध्यरात्री दूध शीतकरणाची टाकी किंवा अंडी उबवणी यंत्र बंद पडले, तर नुकसान कोणाचे, हे सांगायला नको.

तारेचे टोक संगणकाच्या नेटवर्क केबलसारखेच, आठ पिनांचे. घोटाळा येथेच होतो. पायलॉनटेकच्या बॅटरीत कॅन संदेश पिन ४ आणि ५ वर, तर व्हिक्ट्रॉनच्या उपकरणांत ७ आणि ८ वर असतो. त्यामुळे बाजारातील सरळ केबल येथे निरुपयोगी ठरते. शिवाय कॅन आणि आरएस-४८५ या दोन निराळ्या पद्धतींची छिद्रे दिसायला एकसारखीच. दोन्ही यंत्रांच्या पुस्तिका शेजारी ठेवून पिन जुळवाव्यात. संदेशाच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ दिलेल्या एकाच जोडीतील घ्याव्यात. ही केबल जाड केबलच्या पाइपात मुळीच घालू नये. गोदामात उंदरांसाठी तिला स्वतंत्र पाइप द्यावा.

कॅन जोडणीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लागतो. काही यंत्रांत तो आतच असतो. दोन्ही यंत्रे पूर्ण बंद करून दोन संदेशतारांमध्ये मल्टिमीटर लावावा. सुमारे ६० ओहम आले तर ठीक. १२० आले तर एक रोध राहिला आहे, ४० आले तर एक जास्त आहे. शंभर तर्कांपेक्षा ही दोन मिनिटांची मोजणी मोलाची.

संच सुरू झाल्यावर इन्व्हर्टरच्या पडद्यावरील टक्केवारी बॅटरीवरील दिव्यांशी ताडून पाहावी. मग बसवणाऱ्याच्या देखतच बारीक तार काढावी. बहुतेक इन्व्हर्टर काही वेळात इशारा देतात आणि भरणे थांबवतात. तसे झाले नाही, तर इन्व्हर्टरमध्ये बॅटरीचा प्रकार अजून जुन्या शिसे-आम्ल बॅटरीचाच निवडलेला आहे का, हे प्रथम तपासावे आणि उरलेले पैसे तोवर हातचे राखून ठेवावेत.