लिहायचे एक, म्हणायचे एक : फ्रेंच क्रियापदे आणि आपली जीभ

दहावीनंतर इंटरमीजिएटला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेणारी मुले आपल्याकडे असतात. क्रियापद पुस्तकात एक दिसते आणि बाई वेगळेच म्हणतात, अशी त्यांची तक्रार येते. मराठी शाळेतल्या मुलाला हे जमणार नाही, असे काही पालक धरूनच चालतात. आम्हांला तसे वाटत नाही.

हैदराबादला फ्रेंच उच्चार नवे नाहीत. निजामाचा फ्रेंच सेनापती रेमों १७९८ साली वारला. आसमानगढला त्याची कबर आहे. त्याच्या नावाच्या शेवटी ‘डी’ हे अक्षर आहे, पण ते उच्चारत नाहीत. लोकांनी त्याचे ‘मूसा राम’ केले, आणि वस्ती झाली मूसारामबाग.

क्रियापदांचा शेवटही असाच गिळला जातो. ‘बोलणे’ म्हणजे ‘पार्ले’. मी, तू, तो आणि ते यांची रूपे लिहिताना तीन तऱ्हेची, म्हणताना मात्र एकच : ‘पार्ल’. ‘ते’ या रूपाच्या शेवटी ई-एन-टी लिहितात, तिन्ही मुकी. ‘आम्ही’ला पार्-लों. म्हणूनच फ्रेंचमध्ये कर्ता गाळून चालत नाही. आपण नुसते ‘बोलतोस’ म्हटले तरी कोण ते कळते, तिथे कळणार नाही.

खरी गंमत ‘आश्ते’ म्हणजे ‘विकत घेणे’ या क्रियापदात आहे. ‘तो’ला आ-शेत, ‘आम्ही’ला आश्-तों. मधला ‘ए’ एकीकडे जागा, दुसरीकडे गायब! पुढे पूर्ण स्वर आला की मधला दुबळा स्वर गळतो, पुढचा मुका असेल तर तो टिकतो. आता ‘समजा’ आणि ‘समजतो’ मोठ्याने म्हणून पाहा. सम्-जा, पण स-मज्-तो. ‘म’मधला ‘अ’ पहिल्यात गळला, दुसऱ्यात राहिला, कारण तिथे ‘ज’चा ‘अ’ गेला. आमचे पदवीचे शिक्षण हिंदीतून झाले. तिथेही सम्-झो आणि स-मझ्-ता असेच. हे आपल्याला कोणी शिकवले नाही. फ्रेंच लोक टिकलेल्या ‘ए’वर तिरकी रेघ देतात, आपण काहीच खूण करत नाही, एवढाच फरक.

तेव्हा घरी पाठ घेताना अक्षरे मोजू नका, टाळ्या वाजवा. ‘पार्ल’ला एक, ‘पार्-लों’ला दोन. दक्षिण फ्रान्समध्ये मात्र शेवटचा मुका ‘ए’ही हलकेच ऐकू येतो, म्हणजे तिकडच्या ‘पार्ल’ला दोन टाळ्या पडतील.