छक्कडीतील विरह आणि श्रमिक : अण्णाभाऊ साठे यांची शाहिरी

अण्णाभाऊ साठे यांच्या वाङ्मयाची चर्चा बहुधा 'फकिरा' (१९५९) या कादंबरीपासून सुरू होते. त्यांच्या शाहिरीची नोंद 'पक्षप्रचार' या सदराखाली ओझरती घेतली जाते. हा दृष्टिकोन तपासून पाहणे अगत्याचे आहे. अण्णाभाऊंनी तमाशाकडून घेतलेले रूपबंध केवळ विचारांचे वाहन म्हणून वापरले नाहीत. त्या रूपांतील अंगभूत भावस्थितीच त्यांनी श्रमिकाच्या जीवनाशी जोडली.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे झाला. जात मांग, शिक्षण नाममात्र. वडिलांबरोबर ते बालपणीच पायी मुंबईस आले आणि कोळसे वेचण्यापासून गिरणीतील कामापर्यंत मिळेल ते काम करीत वाढले. तमाशाचे संस्कार गावातच झाले होते. कामगार चळवळीचे संस्कार मुंबईने केले. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी 'लाल बावटा कलापथक' उभे केले. स्टालिनग्राडच्या लढ्यावरील त्यांचा पोवाडा या काळातला. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे' यांसारख्या वगांतून त्यांनी तमाशाचा क्रमही बदलला. गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन आले आणि गौळण वगळली गेली. बतावणीतील हजरजबाबीपणा मात्र त्यांनी जपला, कारण सावकाराला आणि शेटजीला उघडे पाडण्यास त्याहून धारदार हत्यार नव्हते.

याच तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव यांनी मुंबईवर लावणी रचली होती. अण्णाभाऊंनीही 'मुंबईची लावणी' लिहिली. पठ्ठे बापूरावांना शहराच्या वैभवाचे अप्रूप आहे, तर अण्णाभाऊंनी मलबार हिल आणि परळ यांना समोरासमोर उभे केले. नगरवर्णनाचा संकेत तोच राहिला. पाहणारा डोळा बदलला.

या दृष्टीने त्यांची सर्वांत महत्त्वाची रचना म्हणजे 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड होय. छक्कड हा लावणीचाच एक प्रकार. लावणीतील विरहिणी बहुधा स्त्री असते आणि प्रियकर मोहिमेवर वा परमुलखी गेलेला असतो. येथे बोलणारा पुरुष आहे. त्याला गावाबाहेर काढले ते दारिद्र्याने. आरंभी मैनेच्या रूपाचे वर्णन शृंगारिक लावणीच्या वळणाने येते आणि श्रोता ओळखीच्या प्रदेशात रमतो. पुढे निरोपाच्या प्रसंगी दागिन्यांची यादी येते. पारंपरिक लावणीत अलंकार नायिकेच्या अंगावर असतात. येथे ते रडणाऱ्या बायकोला दिलेले वचन आहेत. कोल्हापुरी साजापासून पुतळ्याच्या माळेपर्यंत सारे काही मुंबईहून आणण्याचे हे वचन, आणि मुंबईत तर पोटाचीच भ्रांत! घाटावरून अथवा कोकणातून एकटाच येऊन खोलीत गाळा धरून राहणाऱ्या गिरणीकामगाराला या यादीचा अर्थ कोणी उलगडून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात ही रचना आणखी एक वळण घेते. मैनेची आणि आपली जशी ताटातूट, तशीच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची महाराष्ट्रापासून. हे रूपक ओढूनताणून आणलेले आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु तो वाचकाचा आक्षेप आहे. सभेतील श्रोत्यांच्या दृष्टीने तोवरचा विरह इतका खरा झालेला असे की, नकाशावरील तुटलेपण त्यांना आपल्या घरातलेच वाटावे. अमर शेख यांच्या पहाडी आवाजाचा यात वाटा मोठा होता आणि तो मान्य केल्याने कवीचे श्रेय उणावत नाही. शाहिरी ही मुळात सांघिक कला आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. बेळगाव व कारवार बाहेरच राहिले. १९६१ मध्ये अण्णाभाऊ रशियास जाऊन आले. अखेरचा काळ मात्र हलाखीत गेला आणि १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमर शेखही अपघातात गेले. शब्द रचणारा आणि ते सभेपुढे उभे करणारा, दोघेही अवघ्या दीड महिन्यात नाहीसे झाले. आज अभ्यासकांपुढे आहे ती प्रामुख्याने छापील संहिता. चाल, झीलकऱ्यांची साथ आणि श्रोत्यांचा प्रतिसाद तिच्यात उतरत नाही. या रचनांना कविता म्हणून उणे ठरविणारी समीक्षा बहुधा एवढ्याच संहितेच्या आधारावर उभी आहे.