आवाज एकच, पेट्या दोन

आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून जपून ठेवायचे तुम्ही ठरवले आहे, असे समजू या. संगणक तुम्हांला विचारतो, फाइल ‘वेव्ह’ प्रकारची हवी की ‘एआयएफएफ’ प्रकारची? कोणतीत आवाज अधिक चांगला राहील?

आधी आवाज कसा साठवतात ते पाहू. ध्वनिलहरींमुळे मायक्रोफोनमधील विजेचा दाब कमीजास्त होतो. यंत्र हा दाब पुन्हा पुन्हा मोजून अंकांत लिहिते. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. लहर नीट टिपायची तर कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते. म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापे घेतात. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवतात.

ॲपलने १९८८ मध्ये एआयएफएफ आणली, तर मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनी १९९१ मध्ये वेव्ह. दोन्हींत हेच अंक असतात, एकही न गाळता. फरक आहे तो लिहिण्याच्या क्रमात. १००० म्हणजे ३ × २५६ + २३२. एआयएफएफमध्ये ३ आधी लिहितात, वेव्हमध्ये २३२ आधी. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो, इंग्रजीत वीस आधी येतात. म्हणून संख्या बदलते का? तसाच आवाजही बदलत नाही!

मग निवड कशावरून करायची? पहिली गोष्ट, मोजमापांची. जुनी ध्वनिमुद्रणे जतन करताना अनेक ध्वनिसंग्रहालये सेकंदाला ९६,००० मोजमापे, प्रत्येकी २४ बिटांची, घेतात.

दुसरी गोष्ट, लांबीची. साध्या वेव्ह फाइलमध्ये तिची लांबी लिहायला ३२ बिटांचीच जागा असते. त्यामुळे सुमारे ४२९ कोटी बाइटांपुढे तिला मोजता येत नाही. वरील मोजमापांप्रमाणे डावा व उजवा असे दोन मार्ग घेतले, तर सेकंदाला ५,७६,००० बाइट लागतात. म्हणजे दोन तास चार मिनिटांत फाइल भरली! रात्रभर चालणारे दशावतारी नाटक तिच्यात कसे मावणार? अशा वेळी ध्वनिमुद्रणाचे भाग पाडावे लागतात.

तिसरी गोष्ट, नोंदीची. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये ‘ब्रॉडकास्ट वेव्ह’ हा प्रकार ठरवला. त्यात तारीख, वेळ आणि वर्णन फाइलमध्येच लिहिता येते. ओवी कोणी म्हटली, कोणत्या गावी, हे लिहिलेच नाही, तर पन्नास वर्षांनी तो आवाज कोण ओळखणार?

एमपी-थ्री फाइल आटोपशीर असते, पण तिच्यात आवाजाचा काही अंश कायमचा गाळलेला असतो. तिची पुन्हा वेव्ह केली, तरी गेलेले परत येत नाही. म्हणून मूळ प्रत वेव्हमध्ये ठेवा, शक्य तर ब्रॉडकास्ट वेव्हमध्ये. नातेवाइकांना पाठवायला एमपी-थ्री करा.

आता हा प्रयोग करून पाहा. एकाच मार्गाचा, १६ बिटांचा, सेकंदाला ४४,१०० मोजमापांचा आवाज वेव्हमध्ये बरोबर १० सेकंद साठवा. गणिताने ८,८२,००० बाइट व्हायला हवेत. प्रत्यक्ष फाइल थोडी मोठी भरेल. ते जादा बाइट कशाचे, हे वर्गात शिक्षकांशी चर्चा करून शोधा. पेटीवर चिठ्ठी असते, हे विसरू नका!