नावाला भुलू नका, तयारी मोजा!

शेतकरी बंधूंनो, सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? दोन्ही बाजूंना अडकवलेली दुधाची कॅनं, नाहीतर कॅरिअरवर बांधलेला गवताचा भारा. याच दुचाकीवर फ्रान्समध्ये दरवर्षी तीन आठवडे शर्यत चालते. ‘टूर द फ्रान्स’ तिचं नाव. २१ टप्पे, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अंतर. सगळ्या टप्प्यांचा वेळ मिळवायचा. ज्याचा सर्वांत कमी भरेल तो पिवळ्या जर्सीचा मानकरी.

२०२० ते २०२५ या सहा वर्षांत ही जर्सी दोघांनीच वाटून घेतली. स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने चारदा, डेन्मार्कच्या योनास विंगेगार्डने दोनदा. विंगेगार्ड तर कष्टकऱ्यांतलाच गडी म्हणा ना! नाव होण्याआधी तो सकाळी मासळीच्या कारखान्यात राबायचा आणि मग सायकल घेऊन सरावाला निघायचा.

आता प्रश्न असा, की शर्यतीआधी या दोघांत सरस कोण हे ओळखायचं कसं? बैल पारखताना आपण नुसती शिंगं आणि झूल बघत नाही. खुराक कसा, मेहनत किती, पाय कधी दुखावला होता का, हे विचारतो. इथंही तसंच.

२०२३ सालचं बघा. मार्चमध्ये पॅरिस-नीस शर्यतीत पोगाचार पहिला आला, विंगेगार्ड तिसरा. एप्रिलमध्ये पोगाचारने आणखी तीन मोठ्या एकदिवसीय शर्यती मारल्या. तेव्हा कुणीही त्याचंच नाव घेतलं असतं. पण २३ एप्रिलला बेल्जियममध्ये तो पडला, मनगटाचं हाड मोडलं. ऐन तयारीचे आठवडे बुडाले. तिकडे विंगेगार्डने जूनमध्ये दोफिने ही घाटांची शर्यत २ मिनिटं २३ सेकंदांनी जिंकली.

जुलैत काय झालं? १५ टप्प्यांनंतर दोघांत फरक अवघा १० सेकंदांचा! पोगाचारचा वेग कमी नव्हता. पण तिसऱ्या आठवड्यात कोल द ला लोझच्या २,३०० मीटर उंच चढावर त्याचं अवसान गळालं. विंगेगार्ड ७ मिनिटं २९ सेकंदांनी जिंकला. मनगट हेच एकमेव कारण नव्हे. पण बुडालेली मेहनत पहिल्या आठवड्यात झाकली जाते, तिसऱ्यात उघडी पडते.

पुढच्याच वर्षी पारडं फिरलं. ४ एप्रिल २०२४ रोजी स्पेनमध्ये उतारावर विंगेगार्ड कोसळला. गळ्याजवळचं हाड आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. जवळजवळ दोन आठवडे इस्पितळात काढले. आपण आता जगत नाही, असं त्याला त्या वेळी वाटलं होतं. टूरआधी एकही शर्यत न खेळता, फक्त डोंगरातला सराव करून तो जूनअखेर उभा राहिला. पोगाचारने मात्र मे महिन्यात इटलीची तीन आठवड्यांची शर्यत जवळजवळ १० मिनिटांच्या फरकाने खिशात घातली होती. ‘तो आता दमलेला असणार’ असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांचा अंदाज चुकला. इतक्या फरकाने जिंकताना त्याची फारशी झीज झालीच नव्हती.

११व्या टप्प्यात विंगेगार्डने अंतिम रेषेवर पोगाचारला हरवलं आणि तो अक्षरशः रडला. एका दिवसाची ताकद परत आली होती, तीन आठवड्यांची शिदोरी मात्र अपुरी पडली. पोगाचार ६ मिनिटं १७ सेकंदांनी विजयी झाला.

तेव्हा मंडळी, पुढच्या जुलैत कुणी छातीठोकपणे नाव सांगू लागला, तर त्याला तीन गोष्टी विचारा. शेवटची मोठी शर्यत कधी आणि कशी जिंकली? दुखापत झाली का? मधले आठवडे कशात गेले? गेल्या वर्षीचा विजय हे उत्तर नव्हे.

आणि सरपंच, क्रीडाशिक्षक यांनाही एक सांगणं आहे. आपल्या गावचं एखादं पोरगं पडून उठलं असेल, तर स्पर्धा तोंडावर आली म्हणून त्याला रेटू नका. हाड सांधतं, पण दम भरायला दिवस द्यावेच लागतात. कोवळ्या जखमेवर जू ठेवायचं नसतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.