घर आहे, पण कागद कुठाय?

बाइकचं आरसी बुक हरवलं तर आपण धावपळ करतो. गावाकडच्या घराचा कागद मात्र कुणी शेवटचा कधी पाहिला, हेही आपल्याला आठवत नाही. गिऱ्हाईक दारात येतं, तेव्हा खरी पळापळ सुरू होते. नृसिंहवाडीतल्या एका जुन्या घराच्या विक्रीची ही गोष्ट. घर आमचंच!

शुक्रवारची संध्याकाळ. लॅपटॉप बंद करून मी बॅग उचलणार, एवढ्यात बाबांचा फोन. ‘वाडीच्या घराला गिऱ्हाईक आलंय. चांगला माणूस आहे. फक्त तो कागद मागतोय.’

‘मग द्या की!’

पलीकडे शांतता. मग हळू आवाजात, ‘कागद नाहीये.’

वाडी म्हणजे नृसिंहवाडी, आमच्याकडच्या बोलण्यात नरसोबाची वाडी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर. तुमच्यापैकी अनेकांनी दत्ताचं दर्शन घेऊन, बासुंदी पिऊन, कवठाच्या बर्फीचा पुडा बांधून घेत ही वाडी केलेली असेल. पावसाळ्यात पाणी चढतं, देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या ‘दक्षिणद्वारा’त स्नान करायला लांबून माणसं येतात. देवाची उत्सवमूर्ती मग वर नारायणस्वामींच्या मंदिरात जाते. आणि वाडीकर? ते आपापलं सामान माळ्यावर चढवतात.

अमेरिकेत मोबाइल होम नावाचा प्रकार असतो. कारखान्यात बनवून ट्रकनं आणून टेकवलेलं घर. तिथल्या बऱ्याच राज्यांत अशा घराला गाडीसारखं टायटल मिळतं, म्हणजे चक्क घराचं आरसी बुक! जुनं घर विकताना ते सापडलं नाही की त्यांचीही आपल्यासारखीच तंतरते. आमचं वाडीचं घर जागचं हलत नाही. पण महापुरात घरातलं सगळं हलतं. २००५ मध्ये हललं, २०१९ मध्ये हललं, २०२१ मध्ये पुन्हा हललं. आमचा कागद गेला तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये. माळ्यावर पत्र्याची पेटी होती आणि त्या वर्षी पाणी माळ्याला लागलं. पाणी ओसरल्यावर बाबांनी पेटी उघडली, तर आत कागद नव्हतेच. नुसता लगदा!

घरफाळा भरतोय ना, मग झालं!

शनिवारी सकाळी जयसिंगपूरला उतरून वडापनं वाडी गाठली. बाबा ओसरीवर फाइल उघडून बसलेले. फाइलमध्ये घरफाळ्याच्या पावत्या, लाइट बिलं आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. उताऱ्यावर आजोबांचं नाव ठसठशीत. ‘हे बघ. एवढं पुरे नाही का?’

मलाही वाटलं, पुरे असणार. पण घेणारा माणूस लोन काढणार होता, आणि बँकेच्या वकिलानं मूळ खरेदीखतच मागितलं होतं. आम्ही ओळखीतल्या एका वकीलबाईंना गाठलं. त्यांनी फाइल पाहिली आणि पहिल्याच वाक्यात आमचा फुगा फोडला. ‘नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंद. घरफाळा कुणाकडून घ्यायचा, एवढंच ते सांगतं. मालक कोण, हे सांगत नाही.’

सातबारावरच्या फेरफाराबद्दल सर्वोच्च न्यायालयानं हेच म्हटलंय. १९९६ च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालात कोर्टानं स्पष्ट केलं, की महसुली दप्तरात नाव लागल्यानं मालकी मिळत नाही आणि नाव निघाल्यानं जातही नाही. मालकीचा रस्ता खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा वारसा यातूनच जातो.

‘मग आता? घर विकताच येणार नाही?’ बाबांचा चेहरा उतरला. ते नुकतेच रिटायर झालेत. या पैशावर त्यांचे बरेच बेत होते.

वकीलबाई हसल्या. ‘अहो, तुमचा कागद भिजला. सरकारचा कुठं भिजलाय?’

हा फंडा कुणीच कसा सांगत नाही?

खरेदीखत रजिस्टर झालं की त्याची नोंद दुय्यम निबंधकांच्या दप्तरात कायमची राहते. नोंदणी कायदा १९०८ चा. त्याच्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक आणि त्याच्या सूची, फी भरून कुणालाही पाहता येतात आणि नक्कलही मिळते. अशी सहीशिक्क्याची नक्कल मूळ दस्तात काय लिहिलं होतं याचा पुरावा म्हणून चालते. म्हणजे कागद हरवला म्हणून मालकी हरवत नाही. बॉस, हे शाळेत शिकवायला पाहिजे होतं!

अडचण एकच. शोधायचं कुठल्या वर्षात? अलीकडच्या दस्तांचा शोध नोंदणी विभागाच्या साइटवर घरबसल्या घेता येतो. जुन्यासाठी मात्र हातानं लिहिलेली रजिस्टरं चाळावी लागतात. घर कधी घेतलं, हे बाबांना सांगता येईना. ‘मी लहान होतो’ एवढंच.

सांगू शकणारं एकच माणूस होतं, धाकटी आत्या. आणि तिला फोन करायचा म्हणजे डोक्याला शॉट.

कारण आजी २००९ मध्ये गेली, तेव्हापासून वाडीच्या घराचा विषय निघाला की बाबा आणि आत्या दोघंही गप्प व्हायचे. बाबांचं म्हणणं, घर वडिलांचं, मुलगा मी एकटा, पुराचा गाळ दर वेळी मीच उपसला. बहिणींना साडीचोळी करीन. थोरली आत्या काही बोलायची नाही. धाकटीनं वाडीला येणंच सोडलं होतं.

फोन मीच लावला. आत्या आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखी ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलते. ‘घर कधी घेतलं व्हय? मी पाळण्यात होतो तवा. माझं बारसं ह्या घरात झालं, आई सांगायची.’ आत्याचा जन्म १९६८ चा. वर्ष मिळालं!

आजोबांच्या नावावर काहीच नाही

सोमवारी सुट्टी टाकली. शोधाचा अर्ज, फी, पावती. १९६७ पासून १९६९ पर्यंतच्या सूची काढल्या. जाड रजिस्टरं, पिवळी पानं, तिरकं मराठी अक्षर. आजोबांचं नाव आम्ही दुपारपर्यंत शोधलं. नाही म्हणजे नाहीच. बाबा घामाघूम. ‘रजिस्टरच केलं नसेल,’ ते पुटपुटले.

वकीलबाईंनी फोनवर युक्ती सांगितली. ‘माणसाच्या नावानं नका शोधू. मिळकतीनं शोधा. सूची दोनमध्ये मिळकतीचं वर्णन असतं. घर नंबर, चतुःसीमा, विकणाऱ्याचं आडनाव.’ बाबांना आधीच्या मालकाचं आडनाव आठवत होतं. अर्ध्या तासात नोंद सापडली. घर तेच, चारी बाजूचे शेजारी तेच. लिहून देणार तोच. आणि लिहून घेणार? आजोबा नाहीत.

आजी.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नाव तेच राहिलं. पन्नास वर्षांहून जास्त काळ ज्याला आम्ही ‘आजोबांचं घर’ म्हणत होतो, ते खरेदीखतावर आजीचं होतं. ग्रामपंचायतीत घरातला कर्ता पुरुष म्हणून कुणीतरी आजोबांचं नाव लावलं असणार आणि तेच पुढं चालत राहिलं.

संध्याकाळी पुन्हा आत्याला फोन. मी नाव सांगितलं. ती जराही दचकली नाही. ‘ठावं हाय मला. पाटल्या मोडल्या हुत्या तिनं. बिलवर बी. तुमास्नी कुणी सांगितलं न्हाई, आणि इचारलं बी न्हाई कुणी.’

कागदानं काय बदललं?

वकीलबाईंना विचारलं, आता हिश्शांचं काय? उत्तर सरळ होतं. आजोबा २००३ मध्ये गेले, आजी मृत्युपत्र न करता नंतर गेली. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे तिची मिळकत मुलगा आणि मुली यांना सारखी. म्हणजे बाबा आणि दोन्ही आत्या, प्रत्येकी एक तृतीयांश.

‘आणि घर खरंच वडिलांचं असतं तर?’ बाबांनी विचारलं.

‘तरी तेच. त्यांनी स्वतः कमावलेल्या घरात बायको, मुलगा आणि मुली यांचे हिस्से १९५६ पासून सारखेच आहेत. राहत्या घराची वाटणी मुलींना मागता येत नव्हती, ती अटसुद्धा २००५ च्या दुरुस्तीनं गेली. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही त्याच दुरुस्तीनं मुलगी जन्मतःच वाटेकरी झाली. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा निकालात सांगितलं, की त्यासाठी २००५ साली वडील हयात असायची गरज नाही.’

म्हणजे आकडा बदललाच नव्हता. बदललं होतं ते दुसरंच काहीतरी. घरी परतताना बाबा घाटावर बराच वेळ बसले. पालखीची वेळ होत आली होती. शेवटी एवढंच म्हणाले, ‘आईनं कधी बोलून दाखवलं नाही.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आत्याला फोन केला. आधी हक्कसोडपत्राचं विचारलं, सवयीनं. ती म्हणाली, ‘सोडायचं न्हाई. इकायचं असंल तर इका, सही देतो. पण माझं नाव इकणाऱ्यात लिवा. आईच्या घराचं हाय ते.’

वकीलबाई म्हणाल्या, ‘बरोबर बोलतायत त्या. विकायचंच आहे तर हक्कसोड कशाला? तिघं मिळून विका. घेणाऱ्यालाही तेच सेफ.’ दस्तात आजोबांना मूळ मालक लिहून बाबांनी एकट्यानं सही केली असती, तर गिऱ्हाईकाच्या पदरात पडला असता तो फक्त वाद.

पुढची प्रोसेस रुटीन. कागद नष्ट झाल्याचं प्रतिज्ञापत्र, पोलिसांकडची नोंद, पुराच्या पंचनाम्याची प्रत, आजीआजोबांचे मृत्यूचे दाखले, नमुना ८ ला तिघांची वारस नोंद, पेपरात जाहीर नोटीस. हरकत आली नाही. गिऱ्हाईकानं एक शेवटचा प्रश्न विचारला, पूररेषेचा. नदीकाठच्या घरात तो विचारायलाच हवा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. त्याला पाडून नवं बांधायचं होतं, म्हणून त्यानं नकाशा आणून खात्री केली आणि किंमत थोडी पाडली. बाबांनी मान्य केलं.

दस्ताच्या दिवशी तिघं भावंडं एका बाकावर बसली होती. वेबकॅमसमोर एकेकाचा फोटो, मग अंगठा. आत्यानं अंगठा टेकवला आणि स्क्रीनवर स्वतःचं नाव वाचलं. दोनदा. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, ‘चल, बासुंदी खाऊ.’ बऱ्याच वर्षांनी ती वाडीला मुक्कामाला राहिली. घराची किल्ली दुसऱ्या दिवशी द्यायची होती.

तुमचाही कागद सापडत नाहीये? मग हे करा

• आधी वर्ष शोधा. घरातल्या मोठ्यांना विचारा. लग्न, बारसं, पूर, दुष्काळ अशा खुणांवरून साल निघतं.

• दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घ्या आणि दस्ताची प्रमाणित नक्कल मागा. नावानं मिळालं नाही, तर मिळकतीनं शोधा. आईचं, आजीचं नावही तपासा!

• गावठाणाचं भूमापन झालेलं असेल, तर मिळकत पत्रिका काढा. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून अशा पत्रिका दिल्या जातात. तुमच्या गावाची झाली का, हे भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. पत्रिकेवर नाव चुकलं असेल, तर लगेच हरकत घ्या.

• नोंदवलेला दस्तच नसेल, तर कर पावत्या, जुने उतारे, ताबा आणि वारसांची साखळी जोडावी लागते. इथं वकील हवाच.

• बँक ठेवी आणि शेअर्ससाठीचं सक्सेशन सर्टिफिकेट घरासाठी चालत नाही. वारसांबद्दल वाद किंवा शंका असेल, तर दिवाणी कोर्टाचा वारस दाखला १८२७ च्या रेग्युलेशनखाली मिळतो. हो, अठराशे सत्तावीसच!

• ‘पॉवर ऑफ अॅटर्नीवर घर देऊन टाकू’ असं कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या सूरज लॅम्प निकालात सांगितलंय, की अशा व्यवहारानं मालकी जात नाही.

• आत्या, मावशी, बहीण यांना सह्यांपुरतं शेवटी नाही, पहिल्या दिवशी विचारा.

या वीकेण्डला घरी फोन कराल, तेव्हा जेवलात का विचारून झालं की एवढंही विचारा, ‘आपल्या घराचा कागद कुठाय? आणि तो कुणाच्या नावावर आहे?’ उत्तर माहीत आहे असं वाटत असलं, तरी विचारा. आम्हालाही माहीत आहे असंच वाटत होतं.