झळाळीपेक्षा नळी मोलाची
जुन्या विलायती दुनळी बंदुकीची पारख कशी करावी?

महाराष्ट्रातील अनेक जुन्या वाड्यांत आजही एखाद्या कपाटात, चामड्याच्या पेटीत ठेवलेली दुनळी बंदूक आढळते. आजोबांनी वा पणजोबांनी ती हौसेने शिकारीसाठी घेतलेली असते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपला. बंदूक मात्र परवान्यासह घरात राहिली. पुढे वारसांपैकी कोणाला ती नकोशी होते, एखाद्या परवानाधारक शौकिनाला ती हवीशी वाटते आणि व्यवहाराची बोलणी सुरू होतात. अशा वेळी बहुतेकांची नजर प्रथम जाते ती नक्षीकामाकडे आणि लकाकीकडे. जाणकार मात्र आधी नळ्यांच्या खालच्या बाजूला, सहसा न दिसणाऱ्या बारीक ठशांकडे पाहतो. जुन्या बंदुकीची पारख चुकली तर खिशाला झळ बसतेच. पण नळी फुटली तर हात गमावण्याची वेळ येते.

बर्मिंगहॅमचा वारसा

भारतात आलेल्या चांगल्या दुनळी बंदुकांपैकी बऱ्याच बंदुका साधारण १८८० ते १९३९ या काळात इंग्लंडमध्ये घडल्या. लंडनमध्ये पर्डी, हॉलंड अँड हॉलंड यांसारखी बडी नावे होती. तर बर्मिंगहॅममध्ये बंदूककारांची अख्खी पेठ नांदत होती. तेथे नळी घडविणारा वेगळा, दस्ता कोरणारा वेगळा आणि नक्षी काढणारा वेगळा, अशी कामाची वाटणी होती. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्याच वेस्टली रिचर्ड्स कंपनीतील अँसन आणि डीली यांनी बाहेरचा घोडा काढून टाकून खटक्याची सुटसुटीत यंत्रणा तयार केली. बंदूक उघडताच आतील घोडे आपोआप ताणले जात. ही रचना इतकी भक्कम ठरली की आजही जगभर तिचे अनुकरण होते.

या बंदुका मुंबई आणि कोलकात्याच्या व्यापाऱ्यांमार्फत संस्थानिक, सरकारी अधिकारी आणि जमीनदार यांच्यापर्यंत पोहोचल्या. त्यामुळे दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कोरलेले नाव हे अनेकदा विक्रेत्याचे असते, कारागिराचे नव्हे. 'आर्मी अँड नेव्ही'सारख्या भांडाराचे नाव असलेली बंदूक प्रत्यक्षात बर्मिंगहॅमच्या एखाद्या अनाम कारखान्यात घडलेली असू शकते. म्हणून केवळ नावावरून किंमत ठरविणे धोक्याचे आहे. नाव साधे असूनही काम अव्वल असलेल्या बंदुका आहेत; आणि नाव मोठे असूनही नळ्या निकामी झालेल्या बंदुकाही आहेत.

'बारा बोअर' या सर्वपरिचित शब्दाचा अर्थही येथे समजून घ्यायला हवा. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातील एका गोळीचा जो व्यास होईल तोच या नळीचा व्यास, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. परवान्यावर अशा बंदुकीची नोंद सहसा 'डीबीबीएल' या अक्षरांनी होते. दोन नळ्यांची आणि मागून काडतूस भरण्याची बंदूक, असा त्याचा अर्थ.

ठशांची भाषा

इंग्लंडमध्ये प्रत्येक बंदूक विकण्यापूर्वी तिची सरकारमान्य चाचणी करावी लागते. नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून नळी टिकते का, हे पाहिले जाते आणि मगच तिच्यावर ठसा उमटविला जातो. लंडनच्या बंदूककार संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३च्या कायद्याने स्थापन झाले. नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करून उलट्या धरल्या की हे ठसे दिसतात.

त्यातून सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळते ती ही, की नळीची चाचणी केवळ काळ्या दारूसाठी झाली आहे की आधुनिक निर्धूर दारूसाठीही. १९०४च्या नियमांनंतर बर्मिंगहॅमच्या ठशात मुकुटाखाली 'एनपी', तर १९५४ नंतर 'बीएनपी' ही अक्षरे निर्धूर दारूची चाचणी दर्शवितात. असा ठसा नसलेल्या नळीतून आजचे काडतूस उडविणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

हा प्रश्न विशेषतः डमास्कस नळ्यांबाबत उद्भवतो. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, त्या सळईभोवती गुंडाळून आणि ठोकून जोडून या नळ्या घडविल्या जात. त्यांच्या पृष्ठभागावर पाण्याच्या लहरींसारखी सुंदर नक्षी दिसते. परंतु त्या प्रत्येक लहरीलगत एक सांधा असतो आणि आत शिरलेला गंज वर्षानुवर्षे या सांध्यांना पोखरत राहतो. काही डमास्कस नळ्या निर्धूर दारूच्या चाचणीत उत्तीर्ण झालेल्या आहेत, हे खरे. पण ती चाचणी त्या दिवसाच्या अवस्थेची असते. आजची अवस्था पुन्हा तपासावीच लागते.

दुसरा धोका काडतुसाच्या लांबीचा. जुन्या विलायती बंदुकांत बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी जागा असते. आज सर्रास मिळणारी अनेक काडतुसे पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरची असतात. ही लांबी काडतूस उडाल्यानंतरची मोजली जाते. तोंड दुमडलेले काडतूस आखूड असल्याने ते जुन्या बंदुकीत सहज बसते आणि येथेच फसगत होते. उडताना त्याचे तोंड पुढच्या अरुंद भागात उघडते आणि दाब वाढतो. 'काडतूस बसते, म्हणजे चालते' हा समज म्हणूनच घातक आहे.

नळीची परीक्षा

बंदूक हाती घेताच ती उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करणे, हा पहिला नियम. त्यानंतर नळ्या सुट्या करून प्रकाशाच्या दिशेने धराव्यात आणि आतून पाहावे. आरशासारख्या स्वच्छ पृष्ठभागावर सावलीचे वर्तुळ तुटलेले दिसले, तर तेथे पोचा आहे असे समजावे. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. ते घासून काढता येतात. पण प्रत्येक घासणीबरोबर नळी पातळ होत जाते. म्हणूनच आतून लखलखीत दिसणारी नळी चांगलीच असेल, असे नाही. नळीचा आजचा व्यास ठशातील नोंदीशी ताडून पाहावा लागतो आणि भिंतीची जाडी उपकरणाने मोजावी लागते. हे काम परवानाधारक, अनुभवी बंदूक कारागिराचेच.

काही खुणा मात्र सामान्य ग्राहकालाही ओळखता येतात. नळ्या मागच्या आकड्याला धरून टांगाव्यात आणि बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारावी. घंटेसारखा स्पष्ट नाद आला तर मधली पट्टी घट्ट आहे. बद्द आवाज आला तर डाख सुटला असावा. पुढच्या टोकाशी दोन्ही नळ्या एकमेकींना भिडलेल्या असाव्यात. तेथे फट असेल, तर नळ्या कधीतरी कापून आखूड केल्याची शक्यता असते. नळ्यांखालचे पुढचे लाकूड काढून बंदूक बंद करावी आणि हलवून पाहावी. नळ्या खिळखिळ्या वाटल्या, तर सांधा झिजला आहे. नळ्या, खटक्याचा साचा आणि पुढचे लाकूड या तिन्हींवरचा क्रमांक एकच असायला हवा.

जपणूक आणि 'सुधारणा'

अस्सलपणाची साक्ष लाकूड आणि स्क्रूही देतात. दस्ता बहुधा अक्रोडाचा असतो. खटक्याजवळच्या मनगटाएवढ्या भागात तडा आहे का, अतिरिक्त तेलाने लाकूड काळे पडून मऊ झाले आहे का, हे पाहावे. उत्तम बंदुकीत स्क्रूंच्या खाचा नळीच्या रेषेत असतात. त्या ओबडधोबड झालेल्या असतील, तर अडाणी हातांनी बंदूक खोलली होती हे निश्चित.

खटक्याच्या साच्यावर मूळचे निळसर-तपकिरी रंग असतात. वापराने ते उडतात, पण चापाच्या कमानीलगतच्या आडोशाला थोडे शिल्लक राहतात. तेवढा अवशेषही संग्राहकाला मोलाचा वाटतो. उलट, विकण्यापूर्वी पॉलिश मारून चमकविलेल्या बंदुकीवर अक्षरांच्या कडा बोथट होतात, नक्षी पुसट होते आणि किंमत घटते. प्रामाणिक वापराने आलेली झीज हा दोष नव्हे. ती लपविण्याचा खटाटोप हा दोष होय.

कोकणासारख्या दमट हवेत बंदूक चामड्याच्या पेटीत बंद ठेवण्याची चूक अनेकजण करतात. चामडे ओलावा धरून ठेवते आणि पावसाळ्यात आतल्या आत गंज चढतो. कोरडी, कुलूपबंद जागा आणि तेलाचा पातळ हात, एवढे पुरेसे असते.

कायद्याची चौकट

'शंभर वर्षांपूर्वीची बंदूक, तिला परवाना कशाला?' हा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यातील सवलत दुरुस्ती करूनही वापरता न येणाऱ्या कालबाह्य किंवा पुरातन शस्त्रांपुरती आहे. उडू शकणारी दुनळी कितीही जुनी असली, तरी परवाना लागतोच. परवाना देण्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आयुक्तालयाच्या हद्दीत पोलिस आयुक्तांकडे असतात.

खासगी व्यक्तीला आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची असल्यास जिल्हा दंडाधिकारी किंवा नजीकच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. परवानाधारकाचे निधन झाल्यास वारसांनी बंदूक घरात न ठेवता विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाला वयाची ७० वर्षे पूर्ण झाल्यावर, किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, हयातीतच वारसाच्या नावे परवाना देण्याची विनंती करता येते. ही तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते आणि मग वडिलांची जपलेली बंदूक पोलिस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत गंजत पडते. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेली बंदूकही त्यातच मोजली जाते. परवान्याची मुदत मात्र तीनऐवजी पाच वर्षे झाली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयातीवर कडक निर्बंध असल्याने देशातील जुन्या विलायती बंदुकांत नवी भर जवळपास पडत नाही. त्यामुळे विक्रेते चढा भाव सांगतात आणि ग्राहक घाई करतात. ही घाईच टाळायला हवी. क्रमांक परवान्याशी जुळतो का, ठसे काय सांगतात आणि कारागिराची मोजमापे काय म्हणतात, ही तीन उत्तरे हाती आल्याशिवाय पैसे मोजू नयेत. आणि एखादी बंदूक उडविण्यास योग्य नाही असे ठरले, तरी तिच्यातील कारागिरीचे मोल संपत नाही. तिच्यात काडतूस भरण्याचा मोह तेवढा टाळावा.