दुकानात न पोहोचलेली गाणी

एखादं चांगलं पुस्तक वाचकांपर्यंत पोहोचलं नाही, तर त्यात लेखकाचा दोष किती आणि गठ्ठे पाठवणाऱ्यांचा किती, याची चर्चा आपल्याकडे नेहमी होते. गाण्यांच्या बाबतीत मात्र तेवढा विचार कुणी करत नाही. रेकॉर्ड खपली नाही, म्हणजे लोकांना आवडली नसणार, असं आपण धरून चालतो. या समजाला चांगलाच धक्का देणारी एक गोष्ट आहे. ती अमेरिकेतल्या मेंफिस शहरातली आणि १९७२ सालची.

मेंफिस म्हटलं की एल्विस प्रेस्ली आठवतो. संगीताची जरा अधिक आवड असणाऱ्यांना ओटिस रेडिंग आणि त्याची गाणी काढणारी स्टॅक्स ही कंपनी आठवेल. सोल संगीताच्या या गावात चार तरुण मात्र इंग्लंडकडे कान लावून बसले होते. ख्रिस बेल, अ‍ॅलेक्स चिल्टन, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स. बीटल्स हे त्यांचं दैवत. जॉन फ्राय यांच्या आर्डेंट स्टुडिओत रात्र रात्र बसून त्यांनी बारा गाणी केली. जवळच्या किराणा दुकानांच्या एका साखळीचं नाव उचलून बँडचं नाव ठेवलं ‘बिग स्टार’, आणि पहिल्याच रेकॉर्डचं नाव ठेवलं ‘नंबर वन रेकॉर्ड’. चिल्टनपुरता हा आत्मविश्वास अगदीच पोकळ नव्हता. १९६७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, बॉक्स टॉप्स या बँडसाठी त्याने गायलेलं ‘द लेटर’ हे गाणं अमेरिकेत खरोखरच पहिल्या क्रमांकावर गेलं होतं.

या संगीताला ‘पॉवर पॉप’ म्हणतात. द हू बँडच्या पीट टाउनशेंडने १९६७ साली हा शब्द वापरला आणि तो रुळला. तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं, पहिल्याच ऐकण्यात गुणगुणता येईल अशी चाल, झणझणीत गिटार आणि दोघातिघांनी सुरात सूर मिसळून गायलेलं धृपद, असा हा सगळा मामला. बिग स्टारने त्यात आणखी एक गोष्ट घातली. चाल उड्या मारत असते, पण गाणाऱ्याच्या आवाजात कुठेतरी हुरहुर असते.

समीक्षकांनी रेकॉर्डचं भरभरून कौतुक केलं. पण ते वाचून दुकानात गेलेल्या माणसाला रेकॉर्ड मिळेना! स्टॅक्सची सारी यंत्रणा सोल संगीताच्या बाजारासाठी उभी राहिलेली. गिटारवाल्या पोरांची रेकॉर्ड कुठे पाठवायची, हे तिला नीट उमगलंच नाही. पुढे स्टॅक्सने वितरणाचं काम कोलंबिया या बड्या कंपनीकडे दिलं. त्यात जुन्या वितरकांची साखळी तुटली आणि नव्यांना या रेकॉर्डमध्ये रस नव्हता. बँडची दुसरी रेकॉर्ड ‘रेडिओ सिटी’ १९७४ साली आली, तीही या दोन कंपन्यांच्या भांडणात सापडली. १९७५ साली स्टॅक्सचंच दिवाळं निघालं. तोवर बँडही मोडला होता.

पहिल्या रेकॉर्डच्या अपयशाचा सर्वांत मोठा घाव बेलला बसला. बँडची कल्पना मुळात त्याची. तो १९७२ साल संपता संपता बाहेर पडला. नंतर नैराश्याशी झगडत, एकट्याने गाणी ध्वनिमुद्रित करत राहिला आणि वडिलांच्या उपाहारगृहात काम करू लागला. २७ डिसेंबर १९७८ रोजी मोटार अपघातात तो गेला, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.

गाणी मात्र जिवंत राहिली. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात राहिली. १९७८ साली इंग्लंडमध्ये दोन्ही रेकॉर्डी एकत्र पुन्हा निघाल्या. १९८६ साली बँगल्स या मुलींच्या बँडने ‘सप्टेंबर गर्ल्स’ हे त्यांचं गाणं गायलं. १९८७ साली रिप्लेसमेंट्स या बँडने तर ‘अ‍ॅलेक्स चिल्टन’ याच नावाचं गाणं केलं. १९९२ साली अमेरिकेत दोन्ही रेकॉर्डी एकाच सीडीवर आल्या.

ती सीडी माझ्या हाती पडली ती बऱ्याच उशिराने. आधी एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर त्यांचं एकच गाणं होतं. वर ना बँडचं नाव, ना गाण्याचं. दोन गिटार, हळू आवाज, ढोल-ताशाचा मागमूस नाही. सीडी लावली आणि चौथ्या गाण्याला कान टवकारले. तेच ते! नाव होतं ‘थर्टीन’. तेरा वर्षांचा मुलगा आपल्या आवडत्या मुलीशी बोलतो आहे, एवढंच त्यात आहे. त्या वयाचा संकोच आणि धिटाई इतकी नेमकी मी गाण्यात क्वचितच ऐकली आहे. याच रेकॉर्डवर हमेलचं ‘द इंडिया साँग’ही आहे. त्यातला भारत ऐकून आपल्याला हसू येतं. मेंफिसच्या पोराने मनात रंगवलेला तो आरामाचा देश; आपल्या ओळखीचं त्यात काहीच नाही.

प्रश्न एवढाच पडतो, की या पुनर्मुद्रणाने कुणाचं भलं झालं? आपल्याकडे म्हणतात तसं, बैल गेला आणि झोपा केला. बेलची स्वतंत्र गाणी ‘आय अ‍ॅम द कॉसमॉस’ या नावाने रेकॉर्डच्या रूपात आली ती १९९२ साली, तो जाऊन तेरा वर्षं उलटल्यावर. चिल्टनने मधल्या काळात न्यू ऑर्लिन्समध्ये भांडी घासून पोट भरलं. त्याच्या नशिबी निदान थोडी दाद तरी होती. १९९३ साली मिसुरी विद्यापीठात तो आणि स्टीफन्स दोन तरुण वादकांना घेऊन ‘बिग स्टार’ म्हणून पुन्हा उभे राहिले आणि पुढे अनेक वर्षं अधूनमधून गात राहिले. मार्च २०१० मध्ये ऑस्टिनला त्यांचा कार्यक्रम ठरला होता. त्याच्या तीनच दिवस आधी चिल्टन हृदयविकाराने गेला. ठरलेला कार्यक्रम झाला, पण तो त्याच्या आठवणींचा. त्याच वर्षी जुलैत हमेलही गेला आणि मूळच्या चौघांपैकी एकटा स्टीफन्स उरला.

बेलला जे हवं होतं ते त्याला मिळालं नाही, आणि कितीही देखणी सीडी काढली तरी ते आता देता येणार नाही. हिशेब तिथेच मिटवावा लागतो. आपल्या वाट्याला आलेला नफा मात्र खरा आहे. पन्नास वर्षांपूर्वी दुकानात न पोहोचलेली गाणी आज घरबसल्या ऐकता येतात. ‘थर्टीन’पासून सुरुवात करा. घरात त्या वयाचं कुणी असेल, तर त्यालाही शेजारी बसवा. इंग्रजीतले सगळे शब्द कळले नाहीत तरी चालेल. गाणं काय म्हणतं आहे ते त्याला तुमच्याआधी कळेल.